मधला ब्लॉक

१९ फेब्रुवारी

शेंडेफळास,

आशीर्वाद हवे असतील तर अक्काकडे माग, माझ्याकडचे संपले.

माझा नंबर तू कधीचा बंद करून ठेवला आहेस आणि तुझी ईमेल सेक्रेटरी उघडते. मागच्या खेपेला तिने मला 'आपल्या आस्थेबद्दल आभारी आहोत' असं उत्तर धाडलं. सख्ख्या बहिणीला! म्हणून हे पत्र स्लाइडच्या डब्यात, स्पंजखाली दाबून पाठवते आहे. डबा तू स्वतःच्या हाताने उघडतोस असं ऐकून आहे. काचेला तू माणसांपेक्षा जास्त जपतोस.

आता मुद्द्याचं. परवा अक्काला फोन करून तू म्हणालास, "अक्का, तुझी गाठ आळशी आहे. मी स्वतः तपासली. केमो नको घेऊस, उगाच केस जातील." फोन ठेवला तोच तिने औषधवाल्या बाईंची तारीख रद्द केली. औषधवाल्या बाई म्हणजे आमच्या हॉस्पिटलच्या कॅन्सरच्या डॉक्टर. त्यांनी मला बोलावून विचारलं, "तुमचा भाऊ पेशंट बघतो का?" मी म्हटलं, "नाही हो, तो आलेख बघतो." दुसऱ्या दिवशी सकाळी अक्का ड्रायव्हिंग स्कूलची गाडी काढून शिकाऊ पोरींना घेऊन मैदानावर गेली. छातीवरची ऑपरेशनची जखम पुरती भरली नाही, डावा हात अजून खांद्यावर जात नाही, आणि ही बाई दुसऱ्यांना क्लच कसा सोडायचा ते सांगते आहे.

मी तिला म्हटलं, "अगं, मी रोज गाठीच बघते. माझा जन्म त्यात गेला. माझं नाही ऐकणार?"

"तू गाठी बघतेस गं," म्हणाली, "पण त्याने शोध लावलाय."

शोध! घ्या. आईच्या मागे हिने आपल्या दोघांना वाढवलं, माझी वेणी घातली, तुझं नाक पुसलं, आणि शेवटी कुणाचं खरं तर नाक पुसलेल्याचं.

घरच्या माणसाचा रिपोर्ट आपण द्यायचा नाही हा आमच्याकडचा नियम आहे, आणि तो योग्य आहे. म्हणून अक्काचा रिपोर्ट मवाळने दिला. मवाळ म्हणजे माझ्या शेजारच्या मायक्रोस्कोपवर बसतो तो. कुणाला दुखवायला नको म्हणून हा माणूस प्रत्येक रिपोर्टात जागोजाग 'कदाचित' पेरतो. त्या मवाळनेसुद्धा ऑपरेशनच्या आधी सुईने काढलेल्या तुकड्यावर एकही कदाचित लिहिलं नाही. पेशी भराभर विभागताहेत, गाठ घाईतली आहे, असं स्वच्छ लिहिलं. पुढे काखेतल्या गाठी साफ निघाल्या, कॅन्सर तिथवर पोचला नव्हता. तेव्हा केमो द्यायची की नाही, हे पेशींना किती घाई आहे यावरच ठरायचं होतं. बाई म्हणाल्या, द्यायची, आणि मार्च संपायच्या आत सुरू करायची. त्यानंतर तिचा उपयोग उतरत जातो.

एवढं सरळ चाललं असताना तू नाक खुपसलंस. 'गाठीचे मधले ब्लॉक पाठवा, माझ्या पद्धतीने बघतो.' मवाळला आकाश ठेंगणं झालं. एवढा मोठा शास्त्रज्ञ आपल्याकडे मेणात बसवलेला तुकडा मागतो! त्याने तो रेशमी कागदात गुंडाळून पाठवला, मला न विचारता.

आता तुला कुणी सांगितलं नसेल ते ऐक. अक्काची गाठ शनिवारी दुपारी निघाली. सर्जनसाहेबांना कुठेतरी पोचायचं होतं. मुठीएवढी गाठ, एकही काप न देता, तशीच्या तशी फॉर्मॅलिनच्या बादलीत टाकली, झाकण लावलं आणि गेले. बादली उघडली सोमवारी. मी अक्काच्या उशाशी होते, आणि नसते तरी तिला हात लावायची मला मुभा नव्हती. पावासारखे काप दिल्याशिवाय फॉर्मॅलिन आत उतरत नाही, हे तू विद्यार्थी होतास तेव्हा मी तुला शिकवलंय. गाठीचा काठ पक्का झाला, मधला भाग मऊ आणि कच्चा राहिला. नेमका तोच कच्चा भाग तू मागून घेतलास आणि त्यात तुझी ती लाडकी खूण शोधलीस. नाही सापडली. सापडेल कशी? पेशी विभागायला निघाली की हिस्टोन प्रथिनावर ती खूण चढते, आणि तुकडा फॉर्मॅलिनविना पडून राहिला की तीच सगळ्यांत आधी पुसली जाते. हे तुझ्याच पहिल्या पेपरात आहे. तळटीपेत. तू विसरला असशील, मी नाही. मी ते वाचते असा अर्थ काढू नकोस, एकदा हाताशी आला म्हणून चाळला होता.

सोबत काठाच्या ब्लॉकची, मवाळने रंगवलेली स्लाइड आहे. तपकिरी ठिपक्यांनी, म्हणजे तुझ्याच खुणेने, गच्च भरलेली. ती बघ, अक्काला फोन लाव आणि चारच शब्द बोल. मी चुकलो, केमो घे.

मधली


४ मार्च

शोधकर्त्यास,

तुझं उत्तर मिळालं. मवाळच्या पत्त्यावर पाठवलंस, मला नाही, हेही लक्षात आलं. तो बिचारा कागद हातात धरून माझ्यासमोर असा उभा राहिला, जणू त्यानेच कुणाचं काही मोडलंय.

'गाठीच्या काठावर पेशी अधिक विभागतात हे सर्वमान्य आहे. नियंत्रण-स्लाइड उत्कृष्ट होती. माझ्या भगिनींच्या भावनिक अवस्थेची मला कल्पना आहे.'

भगिनी! भावनिक अवस्था! अरे, तुझ्या नियंत्रण-स्लाइडवर काय होतं ते तरी सांग मवाळला. टॉन्सिल! कुणाच्या तरी टॉन्सिलचा तुकडा, वेळेवर फॉर्मॅलिनमध्ये घातलेला, छान मुरलेला. तो तपकिरी झाला. म्हणजे तुझा रंग चांगला होता. त्यावरून अक्काचा तुकडा चांगला होता हे तू कुठल्या पोथीत वाचलंस? रंगाची परीक्षा घेतलीस आणि पास केलंस गाठीला. एवढ्या पदव्या, एवढे सत्कार, आणि ही बुद्धी. आमच्याकडे पहिल्या वर्षाची पोरं अशी चूक करतात तेव्हा मी त्यांना बादल्या धुवायला लावते.

बरं, काठावर जास्त असतं म्हणतोस ना? असतं. मान्य. मग सुईचा पहिला तुकडा बघ. तो गाठीच्या ऐन मधून काढलेला आहे, आणि काढल्या क्षणी फॉर्मॅलिनमध्ये पडलेला आहे. त्यात ठिपके आहेत. गाठ तीच, मध्य तोच. सुईने काढला तेव्हा पेशी धावत होत्या आणि बादलीतून निघाल्या तेव्हा झोपल्या, असं तुझं म्हणणं आहे का?

तरी तुझं समाधान होणार नाही हे मला ठाऊक होतं. तुझं समाधान आरशात होतं. म्हणून सोबत आणखी एक स्लाइड आहे. तुझ्याच मधल्या ब्लॉकचा काप, मवाळने ब्लॉक पाठवायच्या आधी घेऊन ठेवलेला, त्यावर तुझी तपकिरी खूण आणि तिच्याखाली आपला साधा जुना निळा रंग. जरा डोळे उघडून बघ. निळ्या रंगात पेशी विभागताना दिसताहेत. धागे आखडलेत, दाट झालेत, दोन्ही टोकांकडे ओढले जाताहेत. काही पुसट झाल्यात, पण आहेत, आणि चिकार आहेत. एकीवरही तपकिरी खूण नाही. पेशी विभागते आहे आणि तुझी खूण गायब. आता सांग, पेशी खोटं बोलते की तुझी खूण?

अक्काला मी हे समजावलं. ती विचारत होती, तुमचं भांडण नक्की कशावरून. मी म्हटलं, पेशीच्या पोटात लांबच लांब धागा असतो, तो प्रथिनांच्या रिळांवर गुंडाळलेला असतो. पेशी दोन व्हायला निघाली की धागा घट्ट आवळला जातो आणि रिळावर एक खूण चढते. गाडी वळायच्या आधी इंडिकेटर लागतो ना, तसं. तुझा धाकटा फक्त इंडिकेटर मोजतो. लागलेले दिसले नाहीत म्हणून म्हणतो, गाड्या वळतच नाहीत. पण इथे सगळ्या गाड्यांची बॅटरी उतरली होती.

अक्काने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "त्याला कळवलंस?"

कळवते आहे. पुन्हा.

तू गप्प का आहेस तेही मला कळतं, इतकी मी बावळट नाही. हॉस्पिटलांना वाटलेल्या तुझ्या चाचणीचा अख्खा अभ्यास जुन्या गाठींच्या मधल्या ब्लॉकवर उभा आहे. त्यातले किती बादलीत सडले होते, कुणाला माहीत. तुझ्या त्या गाजलेल्या आलेखात 'आळशी' गाठीवाल्यांची रेघ शेवटी शेवटी खाली घसरते. खाली तू लिहिलंयस, 'कारण स्पष्ट नाही.' कारण स्पष्ट नाही म्हणे! ती माणसं मेली, शहाण्या. त्यांच्या गाठींवर तू 'आळशी' असा शिक्का मारलास.

तुझं हे आजचं नाही. अक्काने तुला गाडी शिकवली ते आठव. तिच्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो, शिकाऊ माणूस गडबडला की ती दाबते. तू मैदानाच्या टोकाला दिव्याच्या खांबाकडे निघालास. अक्का तीनदा ओरडली, "ब्रेक." तू म्हणालास, "मला कळतं." तेव्हा तिने आपला पाय सरळ उचलून घेतला. हळूच धडकलास. मी मागे बसले होते, माझ्या कपाळाला टेंगूळ आलं. आणि खाली उतरून तू काय म्हणालास? "खांब मध्ये आला."

त्यानंतर या घरात कुणी दूध उतू घालवलं तरी आम्ही म्हणतो, खांब मध्ये आला.

माझ्या टेबलावरच्या स्लाइड नेऊन तू पहिला पेपर लिहिलास आणि माझं नाव शेवटच्या ओळीत, 'तांत्रिक साहाय्याबद्दल आभार' या खात्यात घातलंस, पंखे दुरुस्त करणाऱ्याच्या शेजारी. तेव्हा मी बोलणं टाकलं. आज ते माझं काही नाही. तो पेपर चुलीत घाल. मार्च चालू झालाय एवढंच बघ आणि फोन कर.

मधली


१३ मार्च

शेंडेफळास,

वा! केलास फोन. धन्य झालो.

अक्का फोन नेहमी स्पीकरवर ठेवते हे तू विसरलास. मी स्वयंपाकघरात कप विसळत होते. शब्द न् शब्द ऐकला.

तू म्हणालास, "अक्का, मधलीने काही मुद्दे काढलेत. तसं काळजीचं काही नाही. पण खबरदारी म्हणून केमो घेऊन टाक. घेतल्याने काही बिघडत नाही."

नळ चालू ठेवून मी श्वास सोडला. म्हटलं, जाऊ दे, भित्रा तर भित्रा, निदान काम झालं. तेवढ्यात अक्काने विचारलं, "म्हणजे तू चुकलास का?"

"चुकलो असं नाही गं. नमुन्याच्या गुणवत्तेचा प्रश्न असतो. सर्जनने नीट..."

"खांब मध्ये आला?"

तू पुन्हा नमुन्यावर आलास.

"मग नाही घेत मी," अक्का म्हणाली आणि फोन ठेवला.

माझ्या हातून कप पडला. हो, पडला, आणि फुटला. तुझ्यामुळे नाही, साबणामुळे.

मी बाहेर येऊन तिच्यावर जे तोंडसुख घेतलं ते शेजारच्यांनीही ऐकलं. अक्का शांतपणे शिकाऊ पोरींच्या वेळा लावत होती. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, "इंडिकेटरचं मला तू सांगितलंस त्याच दिवशी पटलं होतं."

"मग घे ना, बाई! अडलंय कुठे?"

"माझं अडलंच नाही. माझ्या घरात तू आहेस बोंबलून सांगणारी. ज्यांच्या घरात मधली नाही, त्यांचं काय? तो मला गुपचूप वाचवील आणि बाकीच्यांना आळशी गाठ म्हणून घरी पाठवत राहील. त्याला इतक्या मोठ्या गाडीवर बसवलं कुणी? मी. तो उद्या रस्त्यावर माणसं तुडवणार असेल तर परवाना माझ्या सहीचा आहे."

"आणि म्हणून तू मरणार?"

"मरायचं नाव कुणी काढलंय? त्याने तोंडाने म्हणावं, चुकलो. आणि ज्या ज्या हॉस्पिटलांना ही चाचणी दिली, त्यांना तसं कळवावं. त्याच दिवशी मी सुई लावून घेते."

"आणि नाही म्हटलं तर?"

"म्हणेल."

बघ. त्या वेळी मैदानावर पाय उचलला होता, तसाच आता उचललाय. फरक एवढाच की खांबाच्या जागी ती स्वतः उभी आहे. तुम्ही दोघेही वेडे आहात. तू भित्रा म्हणून वेडा आणि ती तुझ्यावर विश्वास टाकते म्हणून. मधल्या मधे माझ्या डोक्याचा भुगा.

आता तुझं आडवं-तिडवं चालणार नाही. खबरदारी, गुणवत्ता, नमुना हे शब्द तिच्यापुढे उच्चारू नकोस. सर्जनवर ढकलू नकोस. त्याने घाण केली, खरं आहे, आणि त्याला मी वेगळं बघून घेतलंय. आता तो मला लांबून दिसला तरी जिन्याने जातो. पण कच्चा तुकडा ओळखणं तुझं काम होतं. निळ्या रंगात बघितलं असतंस तर शेंबड्या पोरालाही दिसलं असतं. तू बघितलंच नाहीस. तुझ्याकडे यंत्र मोजतं, तू आकडा वाचतोस.

मधली


२२ मार्च

आठवडा उलटून गेला. तुझं मूग गिळून बसणं चालूच आहे.

औषधवाल्या बाई आज घरी येऊन गेल्या. स्वतःहून. अक्काने त्यांना चहा दिला, खुर्ची दिली, आणि उत्तर तेच दिलं. बाई जाताना दारात मला म्हणाल्या, "वाट कुणाची बघताय?" मी काय सांगणार? आमचं एक शेंडेफळ आहे, त्याच्या अब्रूला धक्का लागतोय म्हणून आमची बहीण थांबली आहे, हे सांगायला तोंड आहे का मला?

अक्का तुला सांगेल की मी तिच्या पाया पडले. खोटं आहे. मी पलंगाखाली चप्पल शोधत होते. ती सांगेल की मी रडले. मुळीच नाही. कुणासमोर रडायची सवय मला नाही हे तुला ठाऊक आहे.

पण तुला म्हणून लिहिते, कारण तुझ्या मताची मला कवडीची किंमत नाही. मला भीती वाटते. मी आयुष्यभर दुसऱ्यांच्या गाठी बघितल्या. काचेवर गाठ कुणाचीच नसते, तिला चेहरा नसतो, म्हणून बघवतं. परवा मवाळच्या नकळत मी अक्काची स्लाइड पुन्हा लावली. आजवर मवाळला शेजारी बसवून बघायचे, या खेपेला नियम मोडला. काय बघायला गेले ते विचारू नकोस. त्या पेशी तशाच होत्या, अर्ध्यात थांबलेल्या, आणि मला वाटलं, हिच्या अंगात जर एखादी उरली असेल तर ती थांबलेली नाही. ती आता, आम्ही चहा पितोय तेव्हा, विभागते आहे.

तू नाक मुरडशील. म्हणशील, भावनिक अवस्था. हो, आहे. तुझी नाही का? तू तापलास की हिच्याच मांडीवर पडून राहायचास, आणि मी जवळ आले की लाथ मारायचास. जागा माझी आहे म्हणायचास. मग आता घे की जागा. ये आणि घे.

तुझी चाचणी थांबली तर काय होईल? लोक हसतील. संस्थेतली खोली लहान मिळेल. जे आजवर तुझ्यापुढे लाळघोटेपणा करत होते ते दुसरीकडे लाळ घोटतील. बस, एवढंच. तेवढ्यासाठी अक्का? लाज वाटू दे जरा.

मी तुला अजून शिव्या देऊ शकले असते. शब्द संपले नाहीत, हात दुखायला लागला.

मधली


१० एप्रिल

शेंडेफळास,

तुझा फोन आला तेव्हा मी घरात नव्हते असं तुला वाटलं असेल. मी पुढच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून उभी होते.

अक्काने दोनदा विचारलं, "आहेस ना?" मग तू म्हणालास, "अक्का, मी चुकलो. खांब तिथेच होता."

अक्का म्हणाली, "बरं. जेवलास का?"

तू नाही म्हणालास. ती म्हणाली, "जेव आधी," आणि ठेवला फोन. नंतर न्हाणीघरात जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली. बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, साबण गेला. या घरात साबण भारी झोंबरा आहे.

तुझं पत्रक आम्हाला दुसऱ्या दिवशी मिळालं. मवाळने मोठ्याने वाचून दाखवलं. काय ती भाषा! तीन पानं, आणि खरं वाक्य त्यात एकच: मधल्या ब्लॉकवर केलेली चाचणी विश्वासार्ह धरू नये, आणि ज्या रुग्णांना तिच्या आधारे औषध नाकारलं त्यांना परत बोलवावं. बाकी सगळा भुसा. पण ते एक वाक्य सरळ आहे, त्यात कुणावर काही ढकललेलं नाही. शेवटी लिहिलंयस, 'ही चूक माझ्या बहिणीने दाखवून दिली.' मोठ्या बहिणीने असं लिहायला काय झालं होतं? तरी पंखेवाल्याच्या शेजारून निघाले, हेही नसे थोडके. मवाळने ते पान फळ्यावर लावलंय. मी काढून टाकलं होतं, त्याने परत लावलं. 'कदाचित कुणी वाचेल,' म्हणाला.

मार्च संपायच्या आदल्या दिवशी अक्काला पहिली सुई लागली. औषधवाल्या बाई म्हणतात, वेळेत झालं. त्या पुढे आणखी काहीतरी म्हणाल्या. वेळेत झालं म्हणजे बरी झाली असं नाही, ते मलाही कळतं आणि अक्कालाही. आम्ही दोघी त्यावर बोलत नाही.

केस गळायला लागलेत. तुझं तेवढं निदान मात्र अचूक निघालं, अभिनंदन.

तुझी संस्था तुझ्यावर उखडली आहे असं कानावर आलं. उखडू दे. रिकामा बसला असशील तर काम सांगते. तुझ्या अभ्यासातल्या जुन्या गाठींचे काठाचे ब्लॉक मागव आणि इकडे पाठव. मी आणि मवाळ निळ्या रंगात बघून देतो. यंत्राने नाही, डोळ्यांनी. घसरलेल्या रेघेतल्या माणसांना आता उपयोग नाही, पण पुढच्यांना होईल. नाव घालायचं असेल तर वर घाल.

आणि एक काम आहे, ते पत्राने होणारं नाही. अक्काला आता गाडी चालवता येत नाही. दोन पावलं चालली की धाप लागते. दर सुईला तिला न्यायचं-आणायचं असतं आणि ती दुसऱ्या कुणाच्या गाडीत बसायला तयार नाही. म्हणते, मला माझीच गाडी हवी, आणि चालवायला शेंडेफळ. मी म्हटलं, "मी आहे ना, मला काय गाडी येत नाही?" तर म्हणते, "तू चालवतेस गं, पण सगळ्या रस्त्याला शिव्या देतेस, मला मळमळतं."

तर ये. पुढच्या सुईच्या आधी ये. तुला अजूनही नीट चालवता येत नाही हे मला माहीत आहे. अक्का मागच्या सीटवर आडवी पडेल. तू स्टिअरिंगवर बस. मी तुझ्या शेजारी, तिच्या जागेवर बसेन. दुसरा ब्रेक माझ्या पायाखाली असेल, आणि मी अक्का नाही. मी पाय उचलणार नाही.

मधली